व्याख्यान की विचारविनिमय? : महाविद्यालयीन अध्यापनाविषयी काही विचार



सुवर्णमहोत्सवाच्या वर्षात संस्थेच्या वास्तूविषयी, देणगीदारांच्या औदार्याविषयी आणि पन्नास वर्षांच्या कार्याविषयी पुष्कळ बोलले जाईल, आणि ते उचितच आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय थोडा वेगळा, परंतु घरोघरी पोहोचणारा आहे. अलिबाग, पेण, रोहा, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यातील समाजाच्या बहुतेक घरांतून आज एखादा मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयात शिकत असते. कोणी गावातल्याच महाविद्यालयात जाते, कोणी मांडव्याची लाँच धरून मुंबई गाठते. त्या घरांत दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. वडील म्हणतात, "आमच्या वेळी प्राध्यापक पूर्ण तास शिकवीत असत, हल्ली मुलांनाच बोलायला लावतात आणि पोर्शन अपुरा राहतो." मुलगा म्हणतो, "सर वर्गात येऊन ज्या नोट्स सांगतात, त्या झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतात; मग वर्गात बसायचे कशाला?" दोन्ही तक्रारी परस्परविरुद्ध आहेत, बहुधा एकाच जेवणाच्या ताटावरून उठतात, आणि दोन्हींत तथ्य आहे.

प्रथम हिशेब पाहू. व्यापारी समाजाला तो लवकर पटतो. मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत एक तासिका ४८ मिनिटांची असते. (सामायिकाचा काळही तेवढाच, हे येथील श्रोत्यांना सांगावयास नको. मात्र दोन्हींतील एकाग्रतेची तुलना न केलेली बरी.) वाणिज्य शाखेच्या एका तुकडीत १२० विद्यार्थी धरले आणि प्रत्येकाने बोलावे असे ठरविले, तर प्रत्येकाच्या वाट्याला २४ सेकंद येतात, तेही प्राध्यापकांनी एक अक्षर उच्चारले नाही तर. तेव्हा चर्चेने शिकवावे हे म्हणणे सोपे आहे, पण २४ सेकंदांत चर्चा कशी करावयाची याचे उत्तर दिल्याशिवाय त्या म्हणण्याला अर्थ नाही.

व्याख्यानाची पद्धत मुळात आली कोठून? युरोपातील मध्ययुगीन विद्यापीठांत ग्रंथ हाताने लिहिले जात, एकेका पोथीचे मोल फार असे. म्हणून गुरूने ग्रंथ वाचावा, त्यावर भाष्य करावे आणि शिष्यांनी उतरून घ्यावे, ही गरज होती. इंग्रजीतील त्या शब्दाचा मूळ अर्थच मुळी 'वाचन' असा आहे. मुद्रणकला आली, ग्रंथ स्वस्त झाले, तरी रीत टिकली. आपल्याकडे १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. विद्यापीठाने परीक्षा घ्यावी व पदवी द्यावी, शिकवावे महाविद्यालयांनी, अशी ती विभागणी होती. शिकविणारा एक आणि प्रश्न काढणारा दुसरा, असे झाले की वर्गातील सर्वांचे लक्ष त्या अनोळखी दुसऱ्याकडे लागते. त्याला काय हवे असेल, याचा अंदाज म्हणजे नोट्स. आज गाइड, क्लास आणि अपेक्षित प्रश्नसंच यांची जी बाजारपेठ दिसते, तिचे बीज त्या विभागणीत आहे.

तथापि त्याच मुंबईत, विद्यापीठ निघण्याच्या ९ वर्षे आधी, १८४८ साली एल्फिन्स्टन संस्थेच्या विद्यार्थ्यांनी प्राध्यापक पॅटन यांच्या प्रोत्साहनाने एक साहित्य व शास्त्रविषयक सभा काढली होती. तिच्या मराठी आणि गुजराती शाखा ज्ञानप्रसारक सभा म्हणून काम करू लागल्या. विद्यार्थी निबंध लिहून आणीत, वाचून दाखवीत, आणि मग त्यावर वादविवाद होई. दादाभाई नौरोजी त्या मंडळींत अग्रभागी होते. निबंधवाचनातून स्त्रीशिक्षणाचा प्रश्न निघाला आणि चर्चा तेथेच न थांबता १८४९ मध्ये सभेच्या तरुण सभासदांनी मुलींच्या शाळा उघडल्या; आरंभी ते स्वतःच तेथे विनावेतन शिकवीत. गिरगावातील मुलींच्या शिक्षणाची परंपरा त्या शाळांपर्यंत मागे जाते. वर्गात ऐकलेल्या व्याख्यानांची टिपणे केव्हाच नष्ट झाली, परंतु सभेतील वादाचे फळ अनेक पिढ्यांनी चाखले.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील टिळक-आगरकरांची गोष्ट सर्वश्रुत आहे. एक कायद्याचा अभ्यास करीत होता, दुसरा एम. ए.चा. वसतिगृहात आणि आसपासच्या टेकड्यांवर त्यांचे वाद रात्र-रात्र चालत. त्या वादांतून १८८० साली सुरू झालेल्या न्यू इंग्लिश स्कूलच्या कामात दोघे एकत्र आले आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय उभे राहिले. १८८२ मध्ये दोघांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले, तेथेही वाद चालूच राहिले. पुढे दोघांचे मतभेद किती तीव्र झाले हेही सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे चर्चेने एकमत होतेच असे नाही. मात्र आपले मत काय आणि ते का, हे दोघांनाही नेमके कळले होते.

आणखी एक उदाहरण आपल्या जिल्ह्याच्या इतिहासाशी निगडित आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर एक निबंध वाचला. त्या वेळी त्यांचे वय २५ वर्षांचे होते. प्रतिष्ठित विद्वानांची मते एकामागून एक तपासून, कोठे पटते व कोठे पटत नाही हे सांगत त्यांनी आपला सिद्धांत मांडला. पुढल्या वर्षी तो निबंध 'इंडियन अँटिक्वेरी'मध्ये प्रसिद्ध झाला व आज शंभर वर्षांनंतरही वाचला जातो. एका विद्यार्थ्याचा हा गृहपाठ म्हणावयाचा! असे लेखन व्याख्यानाच्या वहीतून निघत नाही. आपण लिहिलेले समोरचे दहा-पंधरा जण आता फोडून काढणार आहेत, या जाणिवेतून ते निघते. त्यानंतर ११ वर्षांनी, १९२७ साली, महाडला चवदार तळ्यावर जे घडले त्यामागे अशा विचारांची पूर्वतयारी होती.

बाबासाहेबांचे उदाहरण एकाच बाजूने वाचणे मात्र योग्य होणार नाही. १९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, तेव्हा त्यांची व्याख्याने ऐकावयास अन्य महाविद्यालयांचे विद्यार्थीही येऊन बसत. म्हणजे चर्चावर्गात घडलेला हा विद्यार्थी स्वतः उत्तम व्याख्याता होता. पुढे १९४६ साली त्यांच्या संस्थेने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेथे विद्यार्थ्यांची संसद भरत असे. ऐकणे आणि बोलणे, दोहोंनाही त्यांनी स्थान दिले होते.

ऐकण्याची थोरवी रायगडच्या किनाऱ्याला कोणी शिकवावी असे नाही. रोह्यात जन्मलेले पांडुरंगशास्त्री आठवले आणि रेवदंड्याचे नानासाहेब धर्माधिकारी यांच्या प्रवचन-निरूपणांना लक्षावधी माणसे शांतपणे बसत आली. पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ साली जन्मलेल्या विनोबा भावे यांचे उदाहरण तर महाविद्यालयीन शिक्षणाच्या संदर्भात विशेष मननीय आहे. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा वाटेत सुरतेला उतरले आणि काशीला गेले. प्रमाणपत्रे त्यांनी अग्नीच्या स्वाधीन केली होती. महाविद्यालयातील व्याख्यानांवर यापेक्षा कठोर अभिप्राय कोणी दिला नसेल. त्याच विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात १८ रविवारी गीतेवर १८ प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती उतरून घेतली आणि त्यांचा ग्रंथ झाला. येथे चर्चा नव्हती, बोलणारा एक आणि बाकीचे श्रोते. तरीही ती व्याख्याने जिवंत राहिली. असे का झाले याचा विचार केला तर दोन कारणे दिसतात. बोलणाऱ्याने विषय वर्षानुवर्षे पचविला होता. आणि दोन प्रवचनांच्या मध्ये श्रोत्यांजवळ पुरे सहा दिवस होते, तेही एकमेकांच्या सहवासात. रविवारी ऐकलेल्या गोष्टीवर सोमवार ते शनिवार मनन करावयास मिळणे, हे आजच्या विद्यार्थ्याच्या नशिबी नाही. एका तासाची घंटा वाजते न वाजते तोच दुसऱ्या विषयाचे प्राध्यापक दारात उभे असतात.

विषयाचा ओघ येथे स्वाध्यायाकडे वळणे स्वाभाविक आहे. तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार दिले आहेत : वाचना, प्रच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. पाठशाळेत मुलांना ते क्रमाने पाठ असतात, परंतु या क्रमाकडे अध्यापनाची पद्धत म्हणून क्वचितच पाहिले जाते. आधी पाठ घ्यावा, मग शंका विचारावी, मग एकांतात चिंतन करावे, मग घोकून शुद्ध करावे, आणि हे सारे झाल्यावर दुसऱ्याला सांगावे. विचारण्याचे स्थान दुसरे आहे, पहिले नव्हे; आणि ते शेवटचेही नव्हे. दुसऱ्याला सांगण्याची पात्रता सर्वांत शेवटी येते. भगवतीसूत्राची सारी रचना गौतमस्वामींच्या प्रश्नांवर उभी आहे, आणि गणधरवादात तर अकरा विद्वान आपापली शंका घेऊन आले व शंकानिरसन झाल्यावरच शिष्य झाले. आपल्या पाठशाळांत मात्र यांपैकी आम्नायच तेवढे शिल्लक राहिले आहे, हे नम्रपणे नमूद करणे भाग आहे. मुले सूत्रे विलक्षण वेगाने म्हणतात. अर्थ विचारला की गप्प होतात.

आता सरकारी प्रयत्नांकडे वळू. स्वातंत्र्यानंतर डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४९ मध्ये अहवाल दिला. व्याख्याने काळजीपूर्वक आखावीत आणि त्यांना ट्यूटोरियल, ग्रंथालयातील वाचन व लेखी स्वाध्याय यांची जोड द्यावी, असे त्या आयोगाने सुचविले होते. एका महाविद्यालयात १,५०० पेक्षा अधिक विद्यार्थी असू नयेत, असेही म्हटले होते. पुढे १९५६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाची धुरा आली ती चिंतामणराव देशमुख यांच्याकडे. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेला, रोह्याशी घरोबा असलेला, १९१२ साली मॅट्रिकला पहिला आलेला हा रायगडचा सुपुत्र केंब्रिजला शिकला होता. तेथे व्याख्याने असतातच, परंतु खरा अभ्यास एक शिक्षक आणि दोन-तीन विद्यार्थी यांच्या साप्ताहिक बैठकीत होतो. विद्यार्थ्याने लिहून आणावयाचे, शिक्षकाने खोदून विचारावयाचे. देशमुखांनी ही पद्धत स्वतः अनुभवली होती.

देशमुखांचा कार्यकाळ संपला त्या १९६१ साली डॉ. दौलतसिंह कोठारी अध्यक्ष झाले व १९७३ पर्यंत राहिले. उदयपूरच्या जैन कुटुंबातील हे भौतिकशास्त्रज्ञ. त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९६४-६६ च्या शिक्षण आयोगाने पुन्हा तेच सांगितले, की वर्गातील औपचारिक व्याख्यानांचे तास काहीसे कमी करावेत आणि वाचलेला वेळ मार्गदर्शनाखाली स्वतंत्र वाचन, निबंधलेखन व प्रश्न सोडविणे यांना द्यावा. एक अध्यक्ष आपल्या जिल्ह्याचे आणि दुसरे आपल्या समाजाचे, दोघेही अधिकारी पुरुष. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही चर्चा, संवाद आणि प्रत्यक्ष कृती यांवर भर आहे. १९४९ ते २०२० म्हणजे ७१ वर्षे झाली, आणि शिफारस तीच. जी गोष्ट पुन्हा पुन्हा सुचवावी लागते ती होत नसली पाहिजे, हे उघड आहे.

का होत नाही? प्राध्यापकांना दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. अनेक महाविद्यालयांत रिक्त जागा भरल्या गेलेल्या नाहीत, आणि तरुण अध्यापक तासिका तत्त्वावर काम करतात. जितके तास घेतले तितके मानधन. चर्चेचा वर्ग घ्यावयाचा तर आधी वाचनसाहित्य निवडावे लागते, प्रश्न रचावे लागतात, १२० जणांनी लिहून आणलेले तपासावे लागते. या कामाचा एक रुपयाही मिळत नाही. शिवाय अनेकांना सकाळी एका गावी व दुपारी दुसऱ्या गावी एस. टी.ने जावे लागते. अशा स्थितीत मागील वर्षीची वही उघडून डिक्टेशन देणे हा आळस नसून बहुधा थकवा असतो. ७५ टक्के हजेरीचा नियम विद्यार्थ्याचे शरीर वर्गात आणू शकतो, मन नव्हे. आणि परीक्षा जोवर स्मरणशक्तीची आहे, तोवर हुशार विद्यार्थीही चर्चेला वेळेचा अपव्यय मानणार. त्याचे गणित त्याच्या दृष्टीने बरोबर आहे.

परदेशांतील संशोधनाचा येथे उल्लेख करणे आवश्यक आहे. २०१४ मध्ये अमेरिकेत विज्ञान, गणित व अभियांत्रिकी या विषयांतील २२५ अभ्यासांचा एकत्र विचार करण्यात आला. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गात अनुत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण सरासरी ३३.८ टक्के आढळले, आणि ज्या वर्गांत विद्यार्थ्यांना प्रश्न सोडविणे, आपसांत चर्चा करणे अशी कामे दिली होती तेथे २१.८ टक्के. फरक मोठा आहे. हे आकडे वाणिज्य व कला शाखांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. दुसरा अभ्यास २०१९ सालचा, हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राच्या वर्गांचा. ज्यांनी चर्चा करीत शिकले त्यांना चाचणीत गुण अधिक मिळाले. परंतु त्यांना स्वतःला मात्र आपण कमी शिकलो असे वाटले. उत्तम वक्त्याचे भाषण ऐकणाऱ्यांना आपण पुष्कळ शिकलो असे वाटले, प्रत्यक्षात ते कमी शिकले होते. पालकांच्या पहिल्या तक्रारीचे उत्तर बहुधा येथे आहे. ओघवते व्याख्यान ऐकताना सारे समजल्यासारखे वाटते, आणि स्वतः अडखळत उत्तर शोधताना आपण अडाणी असल्यासारखे वाटते. अडखळण्याचा तो वेळ वाया गेलेला नसतो.

२४ सेकंदांच्या हिशेबालाही हार्वर्डच्याच एरिक माझूर या प्राध्यापकांनी १९९० च्या सुमारास एक तोडगा काढला. ते थोडा वेळ विषय समजावून देत आणि मग एक अवघड प्रश्न फळ्यावर मांडीत. प्रत्येकाने मनाशी उत्तर ठरवावयाचे व हात वर करून किंवा कार्ड दाखवून नोंदवावयाचे. त्यानंतर दोन मिनिटे शेजाऱ्याला आपले उत्तर पटवून द्यावयाचे, आणि पुन्हा एकदा उत्तर नोंदवावयाचे. बहुधा दुसऱ्या वेळी बरोबर उत्तरे वाढतात. या रीतीने १२० जणांच्या वर्गात ६० संभाषणे एकाच वेळी चालतात. त्याला ना संगणक लागतो ना अनुदान. थोडा गोंगाट मात्र होतो, आणि शेजारच्या वर्गातील प्राध्यापकांची क्षमा मागावी लागते.

चर्चेचे गोडवे गाताना तिचे दोष झाकून चालणार नाही. पूर्वतयारीवाचून केलेली चर्चा म्हणजे नाक्यावरच्या गप्पा. वर्गात तीन-चार जण बोलतात, उरलेले त्यांच्याकडे पाहत बसतात. त्या तीन-चारांत इंग्रजी माध्यमातून आलेले, शहरात वाढलेले अधिक असतात. मराठी शाळेतून आलेली चौलची किंवा बोर्लीची मुलगी मनात उत्तर तयार असूनही इंग्रजीत वाक्य जुळेना म्हणून गप्प राहते, आणि प्राध्यापकांच्या वहीत तिच्या नावापुढे 'सहभाग नाही' असा शेरा पडतो. व्याख्यानात निदान सर्वांना सारखेच मिळते. चर्चेत ज्याच्याजवळ आहे त्यालाच आणखी मिळण्याचा धोका असतो. यावर उपाय आहेत. आधी लिहून आणावयास सांगणे, आधी दोघांत बोलू देणे, मराठीत बोलण्यास मुभा देणे. परंतु त्यांची योजना जाणीवपूर्वक करावी लागते, आपोआप काही होत नाही.

व्यवहारातील एक उदाहरण घेऊ. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. त्यातील कंपोझिशन योजना बी. कॉम.च्या विद्यार्थ्याला शिकवावयाची आहे. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याने उलाढालीवर १ टक्का कर भरावा. ग्राहकाकडून कर वेगळा घ्यावयाचा नाही, खरेदीवरील कराची वजावट मिळणार नाही, परराज्यात माल विकता येणार नाही. दहा मिनिटांचे हे काम आहे, आणि ते व्याख्यानानेच उत्तम होते. यावर चर्चा करीत बसणे म्हणजे काळाचा अपव्यय. नियम काय आहे, यावर मतदान घ्यावयाचे नसते.

पण त्यापुढे असे विचारावे : अलिबागच्या बाजारपेठेत समजा एक कापडाचे दुकान आहे. उलाढाल १ कोटी २० लाख. माल सुरतेहून येतो. गिऱ्हाइकांपैकी निम्मी घरगुती, आणि निम्मे रेवदंडा-मुरूडकडील छोटे दुकानदार, जे घाऊक दराने माल नेतात. या दुकानाने योजना घ्यावी की घेऊ नये? आता नुसता नियम पुरत नाही. एक म्हणेल, १ टक्का म्हणजे वर्षाला १ लाख २० हजार. हिशेबाची कटकट वाचते, घ्यावी. दुसरी म्हणेल, ते छोटे दुकानदार नोंदणीकृत असतील तर त्यांना कराची वजावट हवी असणार. ती न मिळाल्यास ते दुसऱ्या पेढीकडे जातील. तिसरा विचारील, सुरतेहून माल आणणे चालते का? चालते, विकणे चालत नाही. चौथ्याला सुचेल की दिवाळीनंतर उलाढाल दीड कोटींवर गेली तर काय? या अर्ध्या तासात विद्यार्थी जे शिकेल ते कोणत्याही गाइडात छापलेले नाही. त्याच दुकानदाराच्या मुलाला तर अकस्मात असे वाटेल की पुस्तकात आपल्याच गादीविषयी लिहिले आहे.

अहमदाबादची भारतीय व्यवस्थापन संस्था १९६१ साली स्थापन झाली, तिच्या उभारणीत विक्रम साराभाई यांचा मोठा वाटा होता. जैन समाजातील, वस्त्रोद्योगाच्या घराण्यातील हा शास्त्रज्ञ. त्या संस्थेने हार्वर्डच्या सहकार्याने हीच रीत पहिल्यापासून स्वीकारली. खऱ्या उद्योगापुढे उभा राहिलेला खरा पेच आदल्या रात्री वाचावयाचा, दुसऱ्या दिवशी वर्गात त्याचा ऊहापोह करावयाचा. लाखो रुपये शुल्क भरून आपली मुले ज्या पद्धतीसाठी तेथे जाण्याची धडपड करतात, तिचे मूळ तत्त्व पेढीवर बसणाऱ्याला नवे नाही. नव्या मुलाला ठाणाची प्रत कोणी भाषणाने शिकवीत नाही. कापड हातात देतात आणि विचारतात, हे काय भावाचे असेल? तो चुकतो, का चुकला ते सांगतात. मात्र त्याआधी चार दिवस त्याला गप्प बसवून पाहू देतात, हेही तितकेच खरे.

विद्यापीठाची परीक्षापद्धती बदलणे या सभागृहातील कोणाच्या हाती नाही. ट्रस्टच्या हाती जे आहे ते एवढे : ही वास्तू, शिष्यवृत्तीचा निधी, आणि समाजातील जाणकार माणसे. रविवारी सकाळी प्रवचनानंतर सभागृह रिकामे असते. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी, समाजाच्या व समाजाबाहेरच्याही, तेथे १५ ते २० जणांचा एक अभ्यासवर्ग चालविता येण्यासारखा आहे. त्यातून पदवी मिळणार नाही, म्हणून परीक्षेचे भयही नाही. अट इतकीच ठेवावी की आठवडाभर आधी दिलेली चार पाने वाचून आणि एक पान स्वतः लिहून आणल्याशिवाय कोणी बैठकीत बसू नये. आणि पहिल्या फेरीत प्रत्येकाने बोलल्यावाचून दुसऱ्यांदा कोणी बोलू नये. भाषा मराठी, संज्ञा इंग्रजी असल्या तरी चालतील. आज शिष्यवृत्ती केवळ टक्केवारी पाहून दिली जाते. त्यातील काही भाग या बैठकींतील लेखी कामावर देण्याचा विचार विश्वस्तांनी करावा, अशी विनंती आहे. त्यामुळे गुणवत्ता यादीत कधी न येणारी, परंतु नेमका प्रश्न विचारणारी मुले पुढे येतील.

खर्च नाममात्र आहे. अडचण पडेल ती सूत्रसंचालकाची, कारण अशा वर्गात ज्याला सर्वांत अधिक ठाऊक असते त्यानेच सर्वांत कमी बोलावयाचे असते, आणि हे ज्येष्ठांना जड जाते. म्हणून पहिले काही महिने संचालन एखाद्या तरुण प्राध्यापकाकडे द्यावे व त्याला योग्य मानधनही द्यावे. वडीलधाऱ्यांनी मागील रांगेत बसावे. जूनमध्ये महाविद्यालये उघडतात. त्याआधी पहिल्या आठ रविवारांसाठी आठ प्रकरणे सोप्या मराठीत लिहून त्यांच्या प्रती काढून ठेवाव्या लागतील. समाजातील सी. ए. आणि निवृत्त शिक्षक यांनी मे महिन्यात दोन-तीन दुपारी एकत्र बसल्यास ते काम होण्याजोगे आहे. कापडदुकानाचे एक प्रकरण तर आजच तयार आहे.